हरणाबाईनं मुद्दाम शिळा केलेला पिझ्झा

हरणाबाईच्या घरी शिळं कुणी खात नाही. खायला मागितलं तरी मिळत नाही. रात्रीची भाकरी उरो, भात उरो, नाहीतर कालवणाचा रस्सा. दिवस वर यायच्या आत ते म्हशीच्या आंबोणात कालवलं गेलेलं असतं. आता विट्याच्या आसपासच्या गावांत शिळ्या भाकरीवर दही ओतून न्याहारी करणारी माणसं घरोघरी आहेत, आणि ती काही वाळून गेलेली नाहीत. हरणाबाईची शेजारीण शालूबाई तर शिळ्या भाकरीच्या कुस्कऱ्याला कांदा-मिरचीची अशी फोडणी देते, की रस्त्यानं जाणारा माणूस चप्पल तुटल्याचं निमित्त करून तिच्या दारात थांबतो. पण हरणाबाई बधत नाही. "आमच्यात चालत न्हाई," एवढंच म्हणते आणि विषय मिटवते.

त्याला कारण आहे. हरणाबाई या घरात नांदायला आली तेव्हा सासूचा कायदा चालायचा. ताजं आधी पुरुषांना, मग पोरांना, मग सासूला, आणि शिळं सुनेला. हरणाबाईच्या भाकरीचं कौतुक सासरा चार माणसांत करायचा. परातीत थापलेली भाकरी तव्यावर पडली की टम्म फुगायची. पण ती गरम भाकरी कशी लागते हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. सगळ्यांची पानं उठली की चुलीच्या कोपऱ्यात बसून, आदल्या दिवशीचं वाळकं चघळायचं. त्यात पोट भरायचं, पण मन फार दुखायचं. त्या कोपऱ्यात बसूनच तिनं ठरवलं होतं, की आपली सून येईल तेव्हा तिच्या ताटात शिळा घास पडणार नाही. पुढं सासू गेली, मग नवरा जोतिबाही गेला. चुलीच्या जागी गॅस आला, कोपऱ्यात फ्रीज आला, एकुलता एक सूरज फौजेत भरती झाला. ठरवलेलं मात्र जागचं हललं नाही.

आणि या वैशाखात सून आली.

सुनेचं नाव प्रियदर्शनी. राहणारी कोइमतूरची, पण तमिळ नव्हे, शेजारच्या गावातलीच. तिचे वडील नाथाजी मिसरूड फुटायच्या आधी गलाईच्या धंद्यात तिकडं गेले, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचा धंदा. या मुलखातली निम्मी घरं अशीच. माणूस जन्म इथं घेतो, कमावतो केरळात नाहीतर बंगालात, आणि जत्रेपुरतं राहायला गावाकडं तीन मजली बंगला बांधून ठेवतो. त्या बंगल्यात वर्षभर कबुतरं राहतात.

हरणाबाईला सुनेचा आधी धाकच वाटला होता. एवढ्या मोठ्या शहरात वाढलेली पोर, पुस्तकातली भाषा बोलेल, आपल्याला हसेल. पण पोरीनं उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि विचारलं, "आवं आत्या, चपला कुठं काढू?" तिची मराठी सगळी घरातल्या आजीकडून उचललेली. त्यामुळं ती गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरींपेक्षाही गावरान निघाली. 'कवा', 'तवा', 'न्हाई' असं सगळं अगदी जुन्या वळणाचं. हरणाबाईचा जीव त्याच दिवशी तिच्यावर जडला.

जुळत नव्हतं ते फक्त खाण्याचं. हरणाबाई सुनेला समोर बसवायची आणि तव्यावरची भाकरी थेट तिच्या ताटात टाकायची. एक संपायच्या आत दुसरी. तूप, दूध, वांग्याचं भरीत, सगळं वाफाळतं. पोरगी एक भाकरी खायची, दुसरीची कड मोडायची आणि "बास आत्या, पोट फुटंल," म्हणत उठायची. हरणाबाई बिचारी मनात कुढायची. गरम खाऊ घालायचं म्हणून जन्मभर थांबलेली बाई ती, आणि सुनेला गरमाचं काही कौतुकच नाही!

सूरजची रजा संपत आली. निघायच्या आदल्या संध्याकाळी तो मोटारसायकलवरून विट्याला गेला आणि बायकोसाठी पिझ्झा घेऊन आला. तिघं बसली. हरणाबाईनं एक घास खाऊन बघितला, ओढलं तर चीजची दोरी सुटली, म्हणून पुढं हात लावला नाही. निम्मा पिझ्झा उरला. सूरजनं तो खोक्यासकट फ्रीजमध्ये ठेवला आणि बायकोच्या कानाशी काहीतरी बोलला. ती हसली. नवराबायकोचं काही असेल म्हणून हरणाबाईनं तिकडं लक्ष दिलं नाही.

सकाळी दोघं विट्याच्या स्टँडवर गेली. सूरज तिथून मिरजेची एसटी धरणार, आणि मिरजेहून राजस्थानची रेल्वे. माघारी हरणाबाई घर आवरायला लागली. पोराच्या जाण्यानं डोळे भरून येत होते, म्हणून हात जास्तच जोरात चालत होते. फ्रीज उघडला तर समोर ते खोकं. रात्रीचं उरलेलं. हरणाबाईनं विचार असा केलाच नाही. भांडं घासावं तितक्या सहज तिनं ते उचललं, गोठ्यात गेली आणि म्हशीच्या आंबोणात घातलं. म्हशीनं पिझ्झा खाल्ला आणि वर खोक्याचा एक कोपराही खाल्ला.

प्रियदर्शनी वडापच्या, म्हणजे वाटेत माणसं भरत जाणाऱ्या, जीपमधून एकटी परत आली. तोंड धुतलं, आणि सरळ फ्रीजकडं गेली.

"आत्या, हितलं खोकं?"

"म्हशीला घातलं की. शिळं झालं हुतं."

पोरीनं फ्रीजचं दार लावलं, "ऱ्हाऊ द्या," म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. दुपारी जेवली नाही. संध्याकाळी दारामागून फोनवरचं तिचं बोलणं हरणाबाईच्या कानावर आलं, "अप्पा, मला न्यायला या. हितं माझं मन लागंना." पलीकडून नाथाजी काय बोलले ते कळलं नाही. पण पोरीनं विचारलं, "ऐतवारी? बरं."

हरणाबाई तशीच मागं फिरली. लग्नाला अजून धड दोन महिने झाले नाहीत. नवरा सीमेवर, आणि सून रुसून माहेरी. एकदा गेलेली अशी पोर परत येते का नाही, ते कुणी सांगावं? लोक काय म्हणतील ही भीती होतीच, पण तिला खरी भीती वेगळी होती. घर पुन्हा एकटीचं होईल याची.

रात्रभर तिनं कळ काढली. सकाळी चहाचा कप पुढं ठेवून सरळच विचारलं, "बाई, चार तुकड्यांवरनं घर सोडून निघालीस व्हय?"

मग पोरीचा बांध फुटला. "तुकडं न्हवतं ते, आत्या. ह्यांनी मुद्दाम ठिवलं हुतं. मला म्हणलं, मी गेल्यावर सकाळी तुला रडू येईल, तवा हे गरम करून खा." डोळे पुसत ती पुढं म्हणाली, "आन् तिकडं आमी भावंडं दुसऱ्या दिवशीच्या पिझ्झ्यासाठी भांडायचो. ताज्यापेक्षा त्योच लय भारी लागतो. सकाळी तव्यावर गरम केला की तळ कसा कडाकडा वाजतो! हितं मात्र घास उरला की म्हशीला. कायबी मागं ठिवायची सोय न्हाई. मला वाटलं, ह्या घरात माझं म्हणून कायच ऱ्हाणार न्हाई."

सुनेच्या ताटात शिळं पडू नये म्हणून जन्मभर जपलेली गोष्ट, आणि तिनंच सुनेला रडवलं. "चुकलं माझं," हरणाबाई म्हणाली. पोरगी "जाऊ द्या" म्हणाली, पण बॅग भरायची थांबली नाही.

शनिवारी हरणाबाई 'बाजाराला जाते' म्हणून जीपमध्ये बसली ती थेट विट्यातल्या पिझ्झ्याच्या दुकानात जाऊन उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा. गल्ल्यावर दुकानाचा मालक अजमल होता, तिशीतला, टोपी नीट करत बसलेला.

"काय देऊ, मावशी?"

"पिझ्झा. शिळा हाय का?"

अजमल उठूनच उभा राहिला. बाईमाणसाला पुढं करून तपासणीवाले आले की काय, म्हणून त्यानं आधी तिच्या मागं रस्त्यावर बघून घेतलं. "मावशी, आपल्या दुकानात शिळं कायबी मिळत न्हाई. पीठ आजचं, भाजी आजची. कुणी सांगितलं तुमाला?"

"आरं बाबा, कुणी न्हाई सांगितलं. मलाच पायजे."

मग हरणाबाईनं त्याला सगळं सांगितलं. म्हशीपासून रविवारपर्यंत. अजमल आधी हसला, मग हसायचा थांबला आणि दोन पिझ्झे करायला सांगून तिच्याकडं वळला. "ताजाच न्या. फ्रीजमधी ठिवा, रातभर आपोआप शिळा हुतो. त्याला कारागीर लागत न्हाई. मायक्रोवेव्ह हाय घरात?"

"न्हाई."

"बेस झालं. त्यात घातला की रबर हुतं. तुमचा भाकरीचा लोखंडी तवा घ्या. आच मंद. पिझ्झा ठिवला की बाजूनं तव्यावर चार थेंब पाणी टाकायचं आन् लगेच वर झाकण. पाण्याची वाफ वरचं चीज मऊ करती, तवा तळ कडक करतो. उघडून बघायची घाई करायची न्हाई बघा."

दोन पिझ्झे का, तर एक सरावाला. हरणाबाई कच्च्या तयारीनं कुठल्याच कामात उतरत नाही. सून घरात, म्हणून सराव शालूबाईच्या स्वयंपाकघरात ठेवला. जीपमधून येईपर्यंत पिझ्झे गार पडलेच होते. शालूबाईचं म्हणणं पडलं, दुकानदाराचं काय ऐकायचं, इडलीच्या भांड्यात वाफवू. वाफवला. पावसात राहिलेल्या पुठ्ठ्यासारखा लगदा झाला. मग शालूबाईनं आपलं हुकमी अस्त्र काढलं; तुकडे कुस्करले, मोहरी, कांदा, हिरवी मिरची, वर कोथिंबीर. पिझ्झ्याचा कुस्करा. चवीला वाईट नव्हता, शालूबाईनं तर दुसऱ्यांदा वाढून घेतला, पण पिझ्झा काही तो राहिला नव्हता. नुसताच कोरड्या तव्यावर ठेवला, तर खाली करपला आणि वर गारच. शेवटी अजमलच्या पद्धतीनं केला. थेंबभर पाणी, झाकण, मंद आच, आणि दोघी हाताची घडी घालून बसून राहिल्या. झाकण काढलं तेव्हा वरचं चीज चकाकत होतं आणि तळाला नखानं वाजवलं तर टकटक आवाज आला.

"जमलं गं!" शालूबाई म्हणाली.

दुसरा पिझ्झा हरणाबाईनं फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्यामागं लपवला. ज्या घरात रात्रीचा घास सकाळी दिसत नसे, तिथं ती बाई दर तासाला उठून शिळं होऊ घातलेलं अन्न जाग्यावर आहे ना, हे बघत होती.

रविवारी सकाळी प्रियदर्शनीची बॅग बाहेरच्या सोप्यात येऊन उभी राहिली. नाथाजी मिरजेला उतरले होते, गाडी करून निघाले होते. हरणाबाईनं तवा ठेवला, आच बारीक केली, पिझ्झ्याचे चार तुकडे मांडले. वास गेला तशी पोरगी स्वयंपाकघराच्या दारात आली. "आत्या, हे काय?"

"कालचा हाय. शिळा," हरणाबाई मान वर न करता म्हणाली. "तुज्यासाठी मुद्दाम ठिवलाय."

पोरगी बघतच राहिली. तिच्या बघण्यानं हरणाबाईची धांदल उडाली. तिनं ओंजळीतलं पाणी तव्याच्या कडेनं टाकलं. आणि इथंच घोळ झाला. हाताला आयुष्यभराची एकच सवय. भाकरीला पाणी लावलं, की पुढचं काम भाकरी उलटायचं. झाकण राहिलं बाजूला, हरणाबाईच्या बोटांनी पिझ्झ्याचा तुकडा कडेनं धरला आणि झटकन पालथा घातला. पाठोपाठ दुसरा. चर्रर्र!

"आगं आई गं!" हरणाबाई ओरडली. चीज सगळं तव्याला चिकटलं, सिमला मिरची बाहेर पळाली. तिला वाटलं, आता बसून रडावं. काल शालूबाईकडं एवढं छान जमलं आणि आज पोरीसमोर हातानंच दगा दिला.

तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला. प्रियदर्शनी दाराला टेकून हसत होती, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आत्या, भाकरी केलीसा व्हय पिझ्झ्याची! आता फुगंल, थांबा!"

हरणाबाईलाही हसू आवरेना. पोरगी पुढं आली, उलथनं घेतलं आणि तव्याला चिकटलेलं चीज अलगद खरवडून काढलं. त्याची तांबूस, कुरकुरीत जाळी झाली होती. तिनं एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "ही खरपूड तर लय भारी झाली. ही आमच्या कोइमतूरला कुणाला ठाव न्हाई." मग उरलेले दोन तुकडे दोघींनी मिळून केले. हरणाबाईनं पाणी टाकलं आणि पोरीनं वेळेवर झाकण ठेवून वर हातही दाबून धरला, आत्यांचा भरवसा नाही म्हणून.

ताट एकच घेतलं. पोरीनं निम्मं हरणाबाईकडं सारलं. "खावा."

"मी शिळं खात न्हाई, बाई."

"का पण?"

तेव्हा हरणाबाईनं ते सांगितलं. सासूचा कायदा, चुलीचा कोपरा, सगळ्यांच्या मागून एकटीनं चघळलेलं वाळकं. सूरजलाही तिनं हे कधी सांगितलं नव्हतं. पोरगी ऐकताना हसायची थांबली. मग तिनं खरपुडीचा एक तुकडा मोडला आणि हरणाबाईच्या तोंडापुढं धरला. "हे तसलं न्हाई, आत्या. हे दोघींचं हाय. आन् तव्यावरनं आत्ताच उतरलंय."

हरणाबाईनं तोंड उघडलं. चव चांगली होती. खरं तर फारच चांगली होती. दुसरा तुकडा तिनं स्वतःच मोडून घेतला.

नाथाजी आले तेव्हा दोघी ताट पुसून खात होत्या. पांढरे कपडे, बोटात अंगठी, आणि चेहऱ्यावर पोरीची काळजी. त्यांना पाणी दिलं, चहा दिला. बॅगेकडं बघून ते अवघडून म्हणाले, "मग, निघायचं का बाळ?"

हरणाबाईनं आदल्या दिवशीच ठरवलं होतं की अडवायचं नाही. तिच्या तरुणपणी तिला माहेरी लावून द्यायचं म्हटलं की घरात कुरकुर व्हायची. ती पाळी या पोरीवर आणायची नव्हती. ती पुढं होऊन म्हणाली, "घेऊन जावा भाऊ. आईला भेटू द्या तिला. मला वाईट वाटंल, खोटं कशाला बोलू? पण मी आडवणार न्हाई."

प्रियदर्शनी वडिलांना म्हणाली, "अप्पा, तिकिटं किती काढलीसा?"

"दोन. तुजं आन् माजं."

"अजून एक काढा. आत्याबी येत्यात. आठ-पंधरा दिस ऱ्हाऊ, मग आमी दोघी मिळून माघारी येऊ."

हरणाबाईला आधी वाटलं, पोरगी थट्टा करते. मग नाथाजी "व्हय की, चला विहीणबाई," म्हणाले, आणि दारातून शालूबाईनं "म्हस मी बघते, तू जा," असं ओरडून सांगितलं; ती कधीपासून तिथं कान देऊन उभी होती कुणास ठाऊक. हरणाबाई सगळ्यांकडं आळीपाळीनं बघत राहिली. या घरात आल्यापासून तिला लोकांनी 'हे कर' म्हटलं होतं, 'ते आण' म्हटलं होतं, 'तू थांब, आम्ही जाऊन येतो' म्हटलं होतं. 'चल' असं कुणी म्हटलं नव्हतं. सुनेला कसं थांबवावं याच विचारात तिनं सगळा आठवडा काढला होता, आणि सून तिला बरोबर घेऊन निघाली होती. तिनं पदरानं डोळे पुसले. रडू लपवायच्या भानगडीत ती पडली नाही.

"तिकडं जवारीचं पीठ मिळतंय का, भाऊ?" तिनं विचारलं.

"मिळतंय की सगळं."

"न्हाई मिळालं म्हंजे?" असं म्हणत ती आत गेली, आणि डब्यातलं सगळं पीठ पिशवीत बांधायला बसली.